पाचवा वाटा : आईबरोबर फ्लोरेन्स, रोम आणि पालेर्मो

पहिला दिवस, गुरुवार : फ्लोरेन्स

सान लोरेंझोच्या बाजारात शिरून दहा पावलंही झाली नव्हती आणि आई थांबली. "वजडी शिजतीय कुठंतरी," म्हणाली. मला तोवर फक्त चीज आणि कॉफीचा वास येत होता. ती पुढे, मी मागे, अशी दोन वळणं घेतली तर खरंच समोर एक गाळा, त्यावर भलंमोठं पातेलं, वाफेचा लोट आणि कामाच्या कपड्यांतली पाच-सहा माणसं उभ्या उभ्या खाताना.

नोकरीसाठी मी तीन वर्षं इटलीतल्या तोरिनो शहरात आहे. आई पहिल्यांदाच आली, महिनाभरासाठी. चर्च आणि पुतळे ती मनापासून बघते, पण जीव रमतो तो बाजारात. कोरेगावकडच्या आमच्या घरात मुंडी, पाय, वजडी, रक्ती हे सगळं करायचं ते तिनंच. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरांतून तिला वजडी साफ करायला हाक यायची. म्हणून ठरवलं, तिला इटलीची हीच बाजू दाखवायची. सहा दिवस, तीन शहरं. तिनं एकच अट घातली : "मोठ्याचं मी तोंडाला लावणार नाही. तू खा. मी बघणार मात्र सगळं." मोठ्याचं म्हणजे गाईबैलाचं.

बाजाराची इमारत लोखंड आणि काचेची, १८७४ सालची. मिलानची प्रसिद्ध गॅलरी, म्हणजे काचेच्या छताखालची दुकानांची गल्ली, ज्यानं उभारली त्या जुझेप्पे मेंगोनीनंच हीही बांधली. आईनं मान वर करून छत पाहिलं आणि लगेच खाली, वजडीच्या रासेकडे नजर वळवली. इथे वजडी साफ करून, अर्धवट उकडूनच विकायला येते, त्यामुळे ती दुधासारखी पांढरी दिसते. आई काचेला नाक लावून उभी. "हे टावेलासारखं, ही जाळी, आणि हे पानापानांचं, ह्याला आम्ही पुस्तक म्हणायचो," असं एकेक बोटानं दाखवत गेली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे. बोकडाला असतात तेच गाईला, फक्त आकार मोठा. तिसऱ्या कप्प्याला इटालियनमध्येही 'लिब्रेत्तो' म्हणतात, म्हणजे छोटं पुस्तक. हे सांगितल्यावर तिनं विक्रेत्याकडे असं पाहिलं, जणू तो आमच्या भावकीतला निघाला.

चौथा कप्पा म्हणजे लाम्प्रेदोत्तो, फ्लोरेन्सचा जीव की प्राण. तपकिरी, घड्याघड्यांचा, मऊ. लाम्प्रेदा नावाच्या सापासारख्या लांबट माशाशी त्याचं रूप जुळतं, त्यावरून हे नाव. पूर्वी हा मासा इथल्या आर्नो नदीत मिळायचा आणि श्रीमंतांच्या ताटात जायचा. गरिबाच्या ताटात पडलं ते पोट, नाव मात्र त्यानं माशाचंच ठेवलं.

कृती साधी आहे. कांदा, टोमॅटो, सेलरी आणि पार्सली घालून पाण्यात तासन्‌तास उकडायचं. विक्रेत्यानं लांब काट्यानं एक तुकडा उपसला, लाकडी फळीवर ठेवला आणि सुरी इतक्या भरभर चालवली की तुकडे एकसारखे पडले. गोल पाव मधोमध कापला, खालच्या भागावर मांस पसरलं, मीठ-मिरी. मग वरचा अर्धा पाव काट्याला टोचून रश्श्यात बुडवला आणि थेंब गळत असतानाच झाकण लावलं. या बुडवलेल्या पावासाठी 'बन्यातो' म्हणायचं. हिरवी चटणी पार्सली, केपर आणि खारवलेल्या अँचोव्ही माशाची. लाल चटणी मिरचीची.

मी खाल्लं. वजडीला चावताना जो दणकटपणा असतो तो इथे नाही, जिभेवर विरघळतं. चव पायाच्या रश्श्याच्या जवळ जाणारी, तशीच ओठांना चिकटणारी. आईनं हिरवी चटणी कोऱ्या पावाला लावून खाल्ली आणि म्हणाली, "चटणीत लसूण कमी आहे, पण मासा घालायची अक्कल चांगली."

दुसरा दिवस, शुक्रवार : फ्लोरेन्सहून रोमला

सकाळी चौकातल्या गाड्यांवर फिरलो. वजडी विकणाऱ्याला इथे 'त्रिप्पायो' म्हणतात, आणि चाकांच्या गाडीवर धंदा करणारे अजून आहेत. टोमॅटोच्या रसात शिजवून वरून पार्मेजान चीज किसलेली वजडी वाटीत मिळाली. बरी होती, कालच्या पावाची सर नाही.

एका गाडीवाल्या काकूंना आईनं माझ्यामार्फत विचारलं, वास कसा घालवता? त्यांचं उत्तर असं : कारखान्यातून धुऊनच येतं, आम्ही फक्त शिजवतो. आईचं समाधान झालं नाही. आमच्याकडे उकळत्या पाण्यात चुना टाकून वजडी बुडवायची, सुरीच्या पाठीनं काळी साल खरवडायची, मग सात-आठ पाणी. हे काम दुसऱ्याच्या हाती सोडायचं म्हणजे अर्धा स्वयंपाकच दुसऱ्याच्या हाती, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं.

दुपारी दीड तासात रोम. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस चालू होते, शुक्रवारी मांस नाही, त्यामुळे खानावळीत मासे आणि चणे. आईला यात नवल वाटलं नाही. "आपला सोमवार-गुरुवार, यांचा शुक्रवार," म्हणाली आणि चण्याचं सूप वाटीभर जास्त घेतलं.

तिसरा दिवस, शनिवार : तेस्ताच्चो

रोममध्ये जुनी म्हण आहे : गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. रविवारच्या जेवणासाठी जनावरं आदल्या दिवसांत कापली जायची. मांस एखादा दिवस थांबतं, आतडी-पोट थांबत नाही, म्हणून शनिवारी ते खाऊन संपवायचं. आई म्हणाली, "मग काय. वजडी त्याच दिवशी, मटण दुसऱ्या दिवशी. फ्रीज येईपर्यंत आपलंही हेच होतं."

तेस्ताच्चो ही टायबर नदीकाठची कामगारवस्ती. तिथे एक टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर उंच, आणि ती सगळी फुटक्या मातीच्या रांजणांची आहे. प्राचीन रोममध्ये स्पेनहून आणि आफ्रिकेहून तेल ज्या रांजणांतून यायचं, ते रिकामे झाल्यावर फोडून इथे रचायचे. त्या टेकडीला लागून १८८८ ते १८९१ या काळात जोआक्किनो एर्सोक या वास्तुविशारदानं शहराचा कत्तलखाना बांधला. १९७५ साली तो बंद झाला. आता तिथे कलादालन आहे आणि विद्यापीठाचा वास्तुकला विभागही. दारावर अजूनही पंखवाल्या देवदूताचा पुतळा आहे, बैलाला शिंगांनी धरून खाली लोळवणारा.

आत शेडमध्ये जनावरं टांगायचे लोखंडी रूळ आणि आकडे जागच्या जागी आहेत. विद्यार्थी त्यांच्याखालून पाठीवर बॅगा अडकवून जातात. आई एका आकड्याखाली बराच वेळ उभी राहिली. मी तिला 'क्विंतो क्वार्तो' समजावत होते. जनावराचे चार भाग करायचे, दोन पुढचे, दोन मागचे. चांगले भाग सरदार, पाद्री, व्यापारी, शिपाई अशा उतरत्या क्रमानं जायचे. उरलं ते शेपूट, पोट, आतडी, काळीज, फोफसं, जीभ, पाय. हा पाचवा भाग. कत्तलखान्यात सोलणाऱ्या, कापणाऱ्या माणसांना मजुरीचा काही हिस्सा याच रूपात मिळायचा. ते तो घरी किंवा शेजारच्या खानावळीत द्यायचे, आणि तिथल्या बायका त्याचं जेवण करायच्या. आज ज्या रोमन पदार्थांसाठी लोक रांगा लावतात त्यातले कितीतरी या मजुरीतून आले.

आई म्हणाली, "म्हणजे आपला मुलाणी."

मी थांबले. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"जत्रेला बोकड मुलाणीच कापायचा की. आपण देवाला दाखवायचं, सुरी त्याची. त्याला रोख पैसे कुणी दिलेले मी बघितले नाहीत. वाटा असायचा ठरलेला. आणि त्यांच्या घरच्या कलेजीला जी चव होती ती आपल्या घरात कुणाला आली नाही. मला वजडी साफ करायला शिकवली ती मुलाण्याच्या भाभीनं."

आईच्या हातची वजडी मी लहानपणापासून खात आले, ती कुठून आली हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. रोमच्या कत्तलखान्यात कळलं.

दुपारी जेवायला गेलो. कत्तलखान्यासमोरची 'केक्किनो' ही १८८७ सालची खानावळ शेपटीच्या पदार्थासाठी नावाजलेली आहे. आम्ही मात्र मागच्या गल्लीतल्या साध्या खानावळीत बसलो. मी रोमन वजडी मागवली : टोमॅटो, वरून पेकोरिनो चीज, आणि पुदिन्याच्या जातीचा एक रानपाला, 'मेंतुच्चा'. तो पाला वजडीचा जडपणा असा कापतो की पुढच्या घासाची वाट बघावी. फ्लोरेन्सपेक्षा रोमची वजडी मला कितीतरी आवडली, आणि ती या पाल्यामुळे.

पायाता घातलेला पास्ताही घेतला. पायाता म्हणजे फक्त दूध पिणाऱ्या वासराची लहान आतडी, आतल्या दुधासकट. पोटातल्या विरजणामुळे ते दूध फाटून घट्ट झालेलं असतं, आणि शिजल्यावर त्याची मऊ मलई होते. वेड्या गाईच्या रोगामुळे युरोपात २००१ साली गाईबैलांच्या आतड्यांवर बंदी आली आणि पायाता गेली. चौदा वर्षं रोमनं ती कोकराच्या आतड्यांवर निभावली. २०१५ साली बंदी उठली. आई त्या ताटाकडे बघत राहिली. "दूध पितं वासरू," एवढंच म्हणाली. मी अर्धं ताट खाल्लं. चव उत्तम होती, पण तिच्यासमोर पुढे खाववेना.

आणि मग तिचं ताट आलं. कोरातेल्ला : कोकराचं काळीज, हृदय आणि फोफसं, बारीक चिरून, आर्टिचोक नावाच्या भाजीच्या कळ्यांबरोबर परतलेलं. ईस्टरच्या दिवसांतला खास पदार्थ. मागवायच्या आधी आईनं मला तीनदा विचारायला लावलं, लहान्याचंच आहे ना? वाढणाऱ्या आजोबांनी गुडघ्याच्याही खाली हात नेऊन कोकराची उंची दाखवली. आईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"फोफसं आधी टाकलंय. काळीज शेवटी."

मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर. फोफसं शिजायला वेळ लागतो, मग हृदय, आणि काळीज अगदी उतरवताना, नाहीतर ते लाकूड होतं. मी हे आईला मराठीत सांगायच्या आत ती म्हणाली, "माहितीये मला. घास सांगतोय." तिनं ताट पावानं पुसून खाल्लं. तोरिनोत आल्यापासून पहिल्यांदा तिला असं पोटभर जेवताना पाहिलं.

चौथा दिवस, रविवार

रोम पाहिलं, सगळे पाहतात तसं. पाय दुखले. रात्री अकराच्या सुमाराला पालेर्मोची झोपायची गाडी.

पाचवा दिवस, सोमवार : समुद्रावरून रेल्वे

पहाटे विला सान जोव्हान्नीला गाडी थांबली आणि धक्के बसू लागले. इटलीचं टोक संपतं, पुढे मेस्सिनाची सामुद्रधुनी. पूल नाही. गाडीचे डबे वेगळे करून जहाजाच्या पोटात ढकलतात, जहाज पलीकडे नेतं, तिथे डबे पुन्हा जोडतात. आईला उठवून वर डेकवर नेलं. गार वारा, मागे कालाब्रियाचे डोंगर, पुढे सिसिली. मेस्सिनाच्या बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर सोनेरी मेरी उभी आहे, हात उंचावून शहराला आशीर्वाद देणारी. आईनं हात जोडले.

तिथून पालेर्मोपर्यंत किनाऱ्यानं गाडी जाते. लिंबाच्या बागा, पिवळीधमक रानफुलं. दुपारी पोचलो, झोपलो, संध्याकाळी जवळच भात आणि वाटाण्याचं काहीतरी खाल्लं. आईची कंबर धरली होती.

सहावा दिवस, मंगळवार : पालेर्मो

बाल्लारोचा बाजार म्हणजे मंडई आणि जत्रा एकत्र. विक्रेते गाण्यासारखे हेल काढून ओरडतात. त्या ओरडण्याला इथे 'अब्बान्न्याता' असा शब्दच आहे. आई इथे घरच्यासारखी चालू लागली. फ्लोरेन्समध्ये ती माझा हात धरून होती, इथे मला तिच्या मागे पळावं लागलं.

आधी फ्रित्तोला. कोपऱ्यावर एक माणूस वेताची टोपली घेऊन बसला होता, टोपलीवर कापड. वासराचे हाडांना राहिलेले तुकडे, कुर्चा, चरबी, उकडून मग तुपासारख्या चरबीत परतलेलं. तो कापड उघडून दाखवत नाही. हात आत घालतो, मूठभर काढतो, कागदावर ठेवतो, लिंबू-मिरी. काय मिळालं ते खाल्ल्यावर कळतं. आईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "झाकलेलंय म्हणून गरम राहतं. आपण भाकरी फडक्यात ठेवतो तसं."

मग 'पानी का मेउसा', म्हणजे तिल्लीचा, प्लीहेचा पाव. वासराची तिल्ली आणि फोफसं उकडून, पातळ काप करून डुकराच्या चरबीत परततात. परात तिरकी ठेवलेली असते, खाली चरबी उकळत, वर काप निथळत. तीळ लावलेल्या पावात भरून देतात. नुसतं लिंबू पिळलं तर त्याला 'कुंवारा' म्हणतात, वर रिकोटा किंवा काचोकावाल्लो चीज घातलं तर 'लग्न झालेला'. मी लग्न झालेला घेतला. तिल्लीला लोखंडाची, कडसर, रक्तीच्या जवळची चव आहे, चीज तिला सांभाळून घेतं. सगळ्यांना आवडेल असं नाही. मला फार आवडलं.

या पावाची गोष्ट शहरात सगळे सांगतात. मध्ययुगात पालेर्मोत ज्यू खाटीक होते. जनावर कापायचे पैसे घेणं त्यांच्या धर्माला मान्य नव्हतं, म्हणून मोबदल्यात आतले अवयव मिळायचे. ते शिजवून चीजबरोबर ख्रिश्चन गिऱ्हाइकांना विकायचे, तोच हा पाव. १४९२ साली स्पेनच्या राजानं ज्यूंना राज्याबाहेर काढायचा हुकूम काढला. सिसिली त्याच राज्यात होती. ज्यू गेले, पाव राहिला.

आईला हे सांगितलं तर ती पुन्हा मुलाणी म्हणाली. पण यावेळी मला सगळंच तिच्यासारखं गोड मानता येईना. वाटा हा शब्द आपल्याकडेही सगळ्यांच्या बाबतीत मानाचा नव्हता. गावातली मेलेली जनावरं ओढून न्यायची आणि त्यांचंच मांस खायचं, हा ज्यांच्या वाट्याला आलेला 'हक्क' होता, त्यांना १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सोडून द्यायला सांगितलं, आणि लोकांनी सोडला. कुणी राजीखुशीनं पाचवा वाटा घेतला, कुणाच्या गळ्यात तो बांधला. त्याच पदार्थाचं आज फोटो काढून कौतुक करताना मला हे विसरायचं नाही. आईला मी हे बाजाराच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "भाभीला विचारायचं राहून गेलं, तुला हे आवडतं का म्हणून. मी नुसतं शिकून घेतलं."

संध्याकाळी धुरामागे गेलो. पालेर्मोत स्तिग्योला कुठे आहे हे विचारायला लागत नाही, रस्त्यावर धूर दिसतो. कोकराची आतडी खारट पाण्यात धुऊन, पार्सली लावून, कांद्याच्या पातीभोवती घट्ट गुंडाळतात आणि कोळशावर भाजतात. मुंबईकडे आतड्यांना सुंदरी म्हणतात ते आईला माहीत होतं, पण अशी सुंदरी तिनंही पाहिली नव्हती. चरबी निखाऱ्यावर पडून भडका उडाला की तो माणूस हातानं पाणी शिंपडायचा आणि ढगासारखा धूर उठायचा.

"लहान्याची?" आईनं मला विचारलं नाही, त्यालाच विचारलं, मराठीत, गुडघ्याखाली हात नेऊन, रोमच्या आजोबांसारखा.

तो हसला, मान हलवली.

त्यानं एक वेटोळं फळीवर ठेवून सुरीनं चारच घावांत तुकडे केले, मीठ टाकलं, लिंबू पिळलं. बाहेरून करपलेलं, कुरकुरीत, आत पातीचा गोडवा. आईनं दोन खाल्ली. तिसऱ्याची वाट बघताना ती भट्टीच्या बाजूनं आत गेली आणि हातवारे करून विचारू लागली, उलटी कशी करतोस? त्यानं बादलीतून एक कच्चं आतडं काढलं, टोक बोटावर उलटवलं, त्यात नळाचं पाणी सोडलं. पाण्याच्या जोरानं आतडं मोज्यासारखं सरसर उलटत गेलं. आईनं त्याच्या हातातून ते घेतलं आणि दुसरं टोक स्वतः उलटून दाखवलं, काडीविना, अंगठ्यानं. तो "ब्रावा, सिन्योरा" म्हणाला. मागच्या रांगेतली माणसं थांबून बघत होती, कुणी घाई केली नाही.

खोलीवर परतताना तिनं मावशीला व्हिडिओ कॉल लावला. गावी तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मावशी डोळे चोळत समोर आली.

"झोपलीस काय? ऐक. कांद्याची पात असते ना, तिला गुंडाळायचं. चूल नको, निखारा पाहिजे. आणि हो, भाभी अजून गावातच राहती का गं?"